गंभीर पोशाख

“भाऊ, खांदा सोडा,” हारुन मास्तर म्हणाला. मी म्हटलं, सोडलाय की. “नाही सोडला. उजवा वर धरलाय तुम्ही. कधीपासून धरलाय?” असं म्हणत त्यानं माझ्या उजव्या खांद्यावर हात ठेवला. दाबला नाही, नुसता ठेवला, आणि माझा खांदा आपोआप खाली गेला. समोरच्या आरशात एक माणूस उभा होता, एका बाजूला किंचित कललेला, कुणी हाक मारली म्हणून थांबल्यासारखा. त्याला मी चांगला ओळखत होतो. गेली सोळा वर्षं त्याला जळगावात कुणाच्या नजरेला पडू दिलं नव्हतं. मास्तरनं टेप लावली आणि मागं मशीनजवळ काज करत बसलेल्या बायकोला सांगितलं, “रईसा, लिहून घे. उजवा खांदा पाऊण इंच उतार.” तिनं सुई पदराला खोचली आणि वहीत लिहिलं. मी तिच्या पेन्सिलीकडे बघत राहिलो. एकोणचाळीस वर्षांत माझ्याबद्दल हे कुणी लिहून ठेवलं नव्हतं, आणि लिहिल्यावर ते पाऊणच इंच निघालं याचं मला जरा वाईटच वाटलं, कारण मला ते हातभर वाटत आलं होतं.

तिथं मी मुळात गेलो होतो एका परिपत्रकापायी. मी पंपांच्या एका कंपनीच्या जळगावच्या गोदामात कारकून. कंपनी पुण्याची. दर चार वर्षांनी पुण्याचे तीन साहेब धुळ्याच्या डेपोत येऊन बसतात आणि आम्हा कारकुनांतून एकाला विभागीय अधिकारी करतात. मी दोनदा जाऊन आलो होतो, आणि दोन्ही वेळा माझ्या आधी माझे कपडे आत गेले होते. पहिल्या खेपेला एक्क्याऐंशी साली मी बेलबॉटम घालून गेलो, तेव्हा ती फॅशन पुण्यातून जाऊन चार वर्षं झालेली, आम्हाला कुणी कळवलं नव्हतं. दुसऱ्या खेपेला मेहुण्याच्या लग्नातली मोरपंखी सफारी. दार उघडून आत पाऊल टाकलं तर मधले साहेब शेजाऱ्याला हळूच म्हणाले, “नवरदेव आले.” ते दोन शब्द चार वर्षं माझ्या कानात राहिले. दाढी करताना, जेवताना, गोदामात पंपांचे खोके मोजताना, नवरदेव आले. यंदा बहुधा माझ्याचमुळे पुण्याहून टाइप केलेलं पत्रक आलं होतं, की उमेदवारांनी कार्यालयास शोभेल असा गंभीर पोशाख करून यावे. चेहरा गंभीर करता येतो, तो माझा होताच. कपडे गंभीर कसे करायचे? आणि चाळिशी उलटल्यावर मुलाखतीला बोलवत नाहीत. माझी चाळिशी येत्या श्रावणात होती. म्हणजे ही शेवटची खेप, हे मला ठाऊक होतं, माझ्या बायकोला, लताला ठाऊक होतं, आणि गावी असोद्याला वडिलांना, आबांना मी सांगितलं नव्हतं तरी त्यांनाही ठाऊक होतं.

कापड निवडताना मी पहिली माती खाल्ली. मास्तरनं गठ्ठ्यातून चार तुकडे काढून फळीवर टाकले, काळा, गडद निळा, राखाडी, आणि एक कॉफीसारखा. माझा हात सरळ कॉफीकडे गेला. विचार करून नाही, हात गेला. मास्तर हसला. “असोद्याचे ना तुम्ही? नाहीतर यावलचे. केळीवाल्यांचा हात तिथंच जातो. चीक दिसू नये म्हणून.” खरंच होतं. केळीचा चीक एकदा कपड्याला लागला की कपडा फाटेल पण डाग जायचा नाही. काळपट तपकिरी पडतो, आणि धुवावा तसा घट्ट होतो. म्हणून आमच्याकडे कपड्यांच्या दोनच जाती, केळीचे कपडे आणि गावातले कपडे. गावातले म्हणजे पांढरं धोतर, पांढरा सदरा, पांढरी टोपी. बाजाराला तेच, लग्नाला तेच, कचेरीत तेच, मयताला तेच. आबा पितांबर नारायण यांना जन्मात कधी प्रश्न पडला नाही की आज काय घालावं. गंभीर पोशाख म्हणतात तो त्यांच्या खुंटीवरच टांगलेला होता आणि मी तो शोधायला जळगावच्या सुभाष चौकामागे आलो होतो. “हा राखाडी घ्या,” मास्तर म्हणाला. “डाग दिसेल याच्यावर. दिसू द्या. ज्याला डागाची भीती नाही तोच साहेब दिसतो.”

हारुन मास्तर पुण्याच्या कॅम्पात एका म्हाताऱ्या टेलरकडे दहा वर्षं राहून आलेला. जळगावात त्याला लोक नवरदेवाचे सूट शिवणारा म्हणून ओळखत, आणि त्याला त्याचा राग होता. लग्नसराईत तो चमकीचे कोट शिवायचा आणि शिवताना पुटपुटायचा. आता समोर कुणीतरी गंभीर गिऱ्हाईक उभं राहिल्यावर त्याच्या अंगात वारं शिरलं. त्यानं मला स्टुलावर बसवलं आणि शिकवायला घेतलं. कॉलरची पट्टी सव्वातीन इंच, पतंगासारखी पसरायची नाही. खिसे आतले, वरून चिकटवलेले नाहीत. बटणं दोन, लावायचं वरचं, खालचं नुसतं असू द्यायचं. बाहीतून शर्टाची बोटभर कड दिसली पाहिजे, दोन बोटं नाही. पँटची मोहरी बुटावर टेकावी, लोळू नये. टाय पट्ट्यापर्यंत, पोटावर डुलणारी नाही. “आणि सगळ्यात मोठी गोष्ट, भाऊ. समजा तुम्ही चोरी केली. पोलिसानं साक्षीदाराला विचारलं, चोरानं काय घातलं होतं? साक्षीदार म्हणाला, कपडे होते साहेब, पण कोणते ते सांगता येत नाही. तो कोट जमला.” रईसाभाभी मागून म्हणाल्या, “मग चोरालाच शिवून द्या तुम्ही. चांगल्या माणसाला कशाला?” मी हसलो आणि हसताना खांदा पुन्हा वर गेला, ते मास्तरनं बरोबर टिपलं.

हा खांदा असा का, हे मला कुणी विचारलं नाही म्हणून मी कुणाला सांगितलं नाही. सातवीपासून बी. कॉम. होईपर्यंत सुट्टीच्या दिवशी मी आमच्या आणि भाऊबंदांच्या बागेतले घड वाहायचो. खांद्यावर गोणपाटाची घडी, घडीवर घड, आणि दोन ओळींमधल्या ओल्या पाटातून कडेच्या गाडीपर्यंत. मला त्याचा त्रास झाल्याचं आठवत नाही. आठवतो तो वास, पानांच्या आतला तो हिरवा गारवा, बाहेर ऊन चाळीस-बेचाळीस आणि आत अंगाला थंड वारा, पुढं घड वाहणाऱ्या आबांची पाठ. आबांच्या पाठीवरून मी चालायला शिकलो म्हटलं तरी चालेल. मग जळगावला खोली, नोकरी, आणि गोदामातल्या सगळ्यांच्या फोटोत फोटोग्राफर ओरडला, “ए, तिसऱ्या रांगेतला, उजवा खांदा वर!” तो मी वर घेतला तो घेतलाच. लग्नाच्या फोटोत घाईत विसरलो. त्या फोटोत मी लतापासून लांब झुकलोय असं तिचं अकरा वर्षांचं म्हणणं आहे. पाहुणे आले की ती फोटो दाखवते आणि म्हणते, बघा, हार घालतानाच पळून निघाले होते. मी तिला एकदाही सांगितलं नाही की मी झुकत नव्हतो, मी नुसता उभा होतो. का नाही सांगितलं कोण जाणे. ती हसायची ते मला आवडायचं, हेही एक कारण असेल.

कच्च्या शिलाईच्या दिवशी मास्तरनं कोट अंगावर चढवला आणि खडू दातात धरून मागं सरला. मी म्हटलं, मास्तर, उजवीकडे रुई भरा आणि दोन्ही सारखे करा. त्यानं खडू काढला. “भरतो. पाच मिनिटांचं काम आहे. कुणाला दिसणार नाही. पण तुम्ही बसलात, हात उचललात की कोट एकीकडे जाईल आणि तुम्ही दुसरीकडे. दिवसभर तुम्हाला त्या रुईची राखण करावी लागेल.” दुसरा उपाय काय? “दुसरा म्हणजे कोटच तुमच्या खांद्यावर उतरवतो. उजवी बाजू पाऊण इंच खाली कापतो, कॉलर त्याप्रमाणे फिरवतो. दिसेल, पण खटकणार नाही.” माझ्या डोळ्यांपुढे तीन साहेब आणि ते दोन शब्द. तेवढ्यात रईसाभाभी काज करता करता म्हणाल्या, “यांची मान बघा, भाऊ. मशीनवर बसून बसून पुढे आलीये. निकाहची शेरवानी यांनी स्वतःच शिवली, ताठ मानेच्या मापाची. अख्खा निकाह शेरवानीची कॉलर धरून बसले होते. काझीसाहेबांनी विचारलं, कबूल आहे का, तर हे म्हणतात कसे, जरा थांबा, श्वास घेऊ द्या.” मास्तर लाजला. पन्नाशीचा माणूस, आणि कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मला त्या दोघांचा इतका हेवा वाटला, इतकं बरं वाटलं, की मी म्हटलं, कापा. खाली उतरून सायकल हातात घेतली तेव्हा मात्र वाटलं, परत जावं, रुई भरा म्हणावं. फुले मार्केटपर्यंत सायकल हातातच होती.

मुलाखत मेच्या अठरा तारखेला. ऊन असं की बसच्या खिडकीची दांडी हाताला लागली की हात ओढून घ्यावा. लतानं कोट आपल्या जुन्या मऊ लुगड्यात गुंडाळून दिला होता, आणि त्याआधी आतल्या खिशाशी हळदकुंकवाचं बोट टेकवलं होतं, अस्तराच्या आत, कुणाला दिसणार नाही असं. “नवीन कपडा आहे,” एवढंच म्हणाली. मी कोट मांडीवर घेऊन बसलो. एरंडोल गेलं. पारोळ्याला एक म्हातारी शेजारी येऊन बसली, तिनं लुगड्याचा कोपरा उचलून आतला कोट पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि बसभर ऐकू जाईल असं विचारलं, “भाऊ, नवरदेव कोठे शे?” सगळी बस माझ्याकडे वळली. एरवी मी मेलो असतो. पण त्या दिवशी मला असं हसू फुटलं की आवरेना. म्हणजे पुण्याच्या साहेबाला चार वर्षांपूर्वी जे सुचलं ते या आजीला आज सुचलं, आणि तिच्या तोंडून ते किती गोड लागलं! म्हटलं, “आजी, नवरदेव धुळ्याला आहे, कोट घेऊन चाललोय.” ती म्हणाली, “मंग बेगीन जा.” तिनं मला फुटाणे दिले. धुळे येईपर्यंत मी ते एकेक करून खाल्ले.

डेपोत वरच्या मजल्यावर मी कोट घातला. शिपाई उखर्डू आरशासारखी खिडकी दाखवून गेला. मी काचेत पाहिलं. कोट दिसत नव्हता. म्हणजे होता, पण नजर त्याच्यावर थांबत नव्हती, सरळ माझ्या तोंडाकडे येत होती. उजवा खांदा होता तसा होता, आणि त्याला धरून ठेवायची काही गरजच नव्हती. मी सोळा वर्षांनी एक खांदा सोडला आणि तो सोडल्यावर मानेत, पाठीत, पार कमरेपर्यंत काहीतरी सैल होत गेलं. मला एकदम भूक लागली. एवढ्यात पंखा थांबला, आणि उखर्डू दारातून म्हणाला, “भाऊ, लाईट गयी. बठ्ठा पंखा बंद. साहेब लोकेसनी बी कोट काढी टाकात.” आत गेलो तर खरंच तिन्ही साहेब शर्टांच्या बाह्या दुमडून वर्तमानपत्रानं वारा घेत होते. मधले, तेच चार वर्षांपूर्वीचे, म्हणाले, “काढा हो कोट. लंडनला आहोत का आपण?” एवढं माप, एवढा खडू, काज आणि अस्तर, आणि दारातून टेबलापर्यंत नऊ पावलं तो कोट चालला. मी तो काढून हातावर घेतला. मनात म्हटलं, मास्तर, तुमच्या साक्षीदाराला आता खरंच काही सांगता येणार नाही.

त्यांनी आधी पुस्तकातलं विचारलं, मी पुस्तकातलं सांगितलं. मग चष्म्याचे साहेब म्हणाले, “एक सांगा. आपला पंप कागदावर सगळ्यांपेक्षा चांगला. तरी रावेर-यावलकडचा केळीवाला दुसऱ्याचा घेतो. का?” माझ्या आधीचे चार उमेदवार जाहिरातीबद्दल बोलले असणार. मी म्हटलं, “साहेब, आपला धरता येत नाही.” “म्हणजे?” आता हे कसं सांगायचं? मी म्हटलं, बागेत गाडी जात नाही. दोन ओळींमध्ये पाच फूट, त्यातून पाट. विहीर मध्ये कुठेतरी. मेमध्ये मोटर जळते, ती उचलून बाहेर आणायची, नवी तार भरून आणायची, पुन्हा आत न्यायची. कुणाच्या तरी खांद्यावरून. दुसऱ्या कंपनीच्या पंपाला वर कडी आहे, तिच्यात बांबू घालून दोघं नेतात. आपला गुळगुळीत. तो एकट्यानं खांद्यावर घ्यावा लागतो आणि तो घसरतो. साहेब ऐकत होते पण त्यांना दिसत नव्हतं, हे मला त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं. दाराजवळच्या कोपऱ्यात नमुन्याचा पंप ठेवला होता, लहान, पस्तीस किलोचा. मी उठलो. हातातलं जे होतं त्याची घडी घातली, आधी उभी, मग आडवी, मग पुन्हा आडवी, गोणपाटाची घालतात तशी, उजव्या खांद्यावर टाकली, गुडघा टेकून पंप तिच्यावर घेतला आणि उभा राहिलो. आणि चाललो. दारापासून टेबलापर्यंत, पाटातून चालतात तसा, पाय आत वळवून. खांद्यावर वजन आलं आणि मला इतका आनंद झाला की काय सांगू! गारवा आला, पानं आली, पुढं आबांची पाठ आली. टेबलाशी पंप घसरायला लागला तेव्हा मी म्हटलं, “हा बघा, इथं. इथं घसरतो.” चष्म्याचे साहेब खुर्चीवरून उठून धरायला धावले. उखर्डू पाण्याचे पेले घेऊन दारात उभा होता, त्यानं पेले जमिनीवर ठेवले आणि खालून हात दिला. पंप उतरला. मग मी खांद्यावरची घडी काढून झटकली आणि तेव्हा कळलं, की हा कोट आहे.

अस्तर बाहेर आलं होतं. त्याच्यावर बशीएवढा ग्रीसचा डाग, आणि त्याच्या शेजारी हळदकुंकवाचं ते बोट, आता सगळ्यांना दिसेल असं. मग मधले साहेब, तेच, टेबलाला वळसा घालून आले, त्यांनी कोट माझ्या हातातून घेतला, ते बोट पाहिलं, हसले, आणि म्हणाले, “माझी आई कॉलरवर लावायची. मी ऑफिसात जाऊन पुसायचो.” कोटाची त्यांनी नीट घडी घातली, साहेबांची घडी, खांद्यात खांदा घालून, आणि माझ्या हातात दिली. “पुण्याला पहिलं पत्र कडीचं लिहा. एक तारखेपासून तुमच्याच सहीनं जाईल ते.” मी जिना उतरलो की उडालो ते मला आठवत नाही. खाली उखर्डूनं मला मिठी मारली. मी त्याला सकाळपासून ओळखत होतो.

जळगावला उतरून गोदामात फोन केला, लताला निरोप द्यायला सांगितलं, आणि घरी न जाता तसाच असोद्याची बस धरली. ऊन उतरत होतं. आबा बागेच्या कडेला केळीच्या बुडाला फुटलेली पिल्लं कापत बसले होते, सत्तरीचे, केळीच्या कपड्यांत, हात कोपरापर्यंत चिकानं काळे. मला पाहून उठले नाहीत. “काय झालं?” झालं, आबा. एक तारखेपासून. त्यांनी विळा मातीत रोवला, वर पाहिलं, पुन्हा खाली पाहिलं. मग म्हणाले, “कोट दाखव. उन्हायात कोट शिवला म्हने तू.” मी लुगडं सोडलं. ते जवळ आले पण हात मागं धरून. “मले हात लावाले सांगू नको. चिकाचे हात हायेत.” मी अस्तर उलटून ग्रीसचा डाग दाखवला आणि तो कसा पडला ते सांगितलं. त्यांचे डोळे बारीक झाले, पोट हलायला लागलं, आणि मग ते असे हसले की बागेतून बगळे उडाले. “साहेबाच्या पुढे? घडी घालून?” घडी घालून, आबा. घाला बरं अंगात. “मी?” घाला. मी कोट मास्तर धरायचा तसा मागून धरला. त्यांनी हात बाहेरच्या बाजूला वळवून, बोटं आखडून, चीक लागणार नाही अशा बेतानं बाह्यांत घातले. मी कॉलर सोडली.

कोट बसला. डावीकडे बसला तसा उजवीकडे बसला. पाठीवर सुरकुती नाही, मानेपाशी फट नाही, उजवा खांदा पाऊण इंच उतरून जिथं थांबायला हवा तिथं थांबलेला. मी मागं उभा राहून त्या पाठीकडे बघत होतो आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी पुसलं नाही. आबांनी खांदा वर केला, खाली केला, हात पुढं नेला, मागं नेला. कोट त्यांच्याबरोबर गेला आणि त्यांच्याबरोबर आला. ते वळले. “कारे गिरधर,” ते म्हणाले, “ह्या शिंप्यानं माझं माप कधी घेतलं?”

त्यांनी उत्तराची वाटही पाहिली नाही. मळकं धोतर, टोपी, मधे तो राखाडी कोट, दोन्ही हात अंगापासून लांब धरलेले, असे ते बांधावरून गावाकडे निघाले. मी लुगडं काखेत मारून मागं. मास्तरचा साक्षीदार असोद्यात असता तर त्या संध्याकाळी अख्ख्या गावानं त्याला त्या कोटाची बटणं मोजून सांगितली असती. पहिल्याच ओट्यावर जीवरामकाका बसले होते. त्यांनी टोपी मागं सारली आणि लांबूनच ओरडले, “पितांबर, कोट कोनाचा रे?” आबा थांबले. उजवा खांदा त्यांनी मुद्दाम त्यांच्याकडे वळवला आणि गल्लीभर ऐकू जाईल असं म्हणाले, “कोट पोराचा हाये! माप माझं हाये!”